"इन्सुलिन लावलं म्हणजे संपलं": मधुमेहाबद्दल घराघरांत बसलेले समज

रानजाई:
नमस्कार मंडळी. माझे वडील, अप्पा, वय ६८, इस्लामपूरला असतात. एसटीत वाहक होते. साखर निघाली त्याला १४ वर्षं झाली. एका गोळीच्या दोन, दोनाच्या चार झाल्या. गेल्या आठवड्यात एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) १०.२ आली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करू म्हटलं. अप्पांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "म्हणजे शेवटचा थांबा आला."

त्यांच्या डेपोतल्या एका चालकाला इन्सुलिन लावलं आणि वर्षाच्या आत त्याची नजर गेली, पुढे पायही कापावा लागला. ते अप्पांनी जवळून पाहिलंय, त्यामुळे माझं कुठलंच बोलणं त्यांना पटत नाही. चहात साखर बंद करून गूळ घालतात, सकाळी कारल्याचा रस पितात आणि वर म्हणतात, "मला कुठं काय होतंय?"

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांना कसं समजावू? आणि तुमच्या घरी असे कोणते समज होते, ते कसे गेले? अप्पांना मोबाइलवर वाचायला आवडत नाही. इथले प्रतिसाद मी छापून नेणार आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहा.

मेथीदाणा:
गुळाचा चहा आमच्याकडेही! "गूळ नैसर्गिक असतो" हे वाक्य मी सासूबाई, मावशी आणि वाणी अशा तिघांकडून ऐकलंय.

सह्यकडा:
रानजाईताई, त्या चालकाची गोष्ट आमच्या घरातही घडली आहे. माझ्या आईला २००९ साली डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं. आम्ही सगळ्यांनी मिळून "नको, अजून एकदा पथ्य करून बघू" म्हणत तीन वर्षं काढली. त्या तीन वर्षांत उपाशीपोटीची साखर कधी २०० च्या खाली आली नाही. शेवटी पायाची जखम चिघळली तेव्हा दवाखान्यात भरती करून इन्सुलिन लावलं. पुढे डोळ्यांना लेझर झालं, किडनीचा आकडा वाढला. नातेवाईक अजून सांगतात, "इन्सुलिन लावलं आणि बाई खचली." आईला खचवलं त्या आधीच्या तीन वर्षांनी. ती वर्षं आम्ही वाया घालवली, हे मला आजही बोचतं. अप्पांना हे जरूर वाचून दाखवा.

धन्वंतरीची_लेक:
मी नाशिकला फिजिशियन आहे. सह्यकडांनी लिहिलेला क्रम मी दर महिन्याला बघते. आधी साखर वर्षानुवर्षं चढी राहते, नुकसान आतल्या आत होतं, मग इन्सुलिन येतं आणि दोष त्याच्या माथी बसतो.

थोडं सविस्तर लिहिते, कारण अप्पा वाचणार आहेत. इन्सुलिन हे आपल्याच स्वादुपिंडात तयार होणारं संप्रेरक. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ अशी वीस वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात दिसलं की प्रकार दोनच्या मधुमेहाचं (बहुधा मोठेपणी होणारा, अप्पांसारखा) निदान होतं त्या दिवशीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची साधारण निम्मी ताकद गेलेली असते, आणि पुढे ती घटतच जाते. चौदा वर्षांनी गोळ्या पुऱ्या पडत नाहीत, यात अप्पांची काही चूक नाही. शरीराला जे कमी पडतंय तेच आपण बाहेरून देतो. त्याची सवय लागत नाही, व्यसन तर नाहीच. काहींना ऑपरेशनपुरतं किंवा बाळंतपणापुरतं देतो आणि नंतर बंदही करतो.

आता डोळ्यांबद्दल. साखर फार वर असताना ती झपाट्याने उतरवली तर पडद्याचा आधीपासून असलेला आजार काही काळ वाढू शकतो, हे खरं आहे. म्हणून इन्सुलिन सुरू करायच्या सुमारास बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा आणि साखर बेताबेताने खाली आणायची. त्या चालकाच्या बाबतीत काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण अप्पांना डोळ्यांची भीती वाटते ना? तर डोळे तपासण्यापासूनच सुरुवात करा. त्यांची भीती झटकून टाकू नका.

भीमाकाठ:
मी थोडं वेगळं मांडतो. सगळं बरोबर असेल, पण सामान्य माणसाचा विश्वास का उडतो तेही बघा. दर वेळी नवी गोळी, नवी तपासणी, नवा खर्च. माझ्या आईने दोन वर्षांपूर्वी जांभळाच्या बियांचं चूर्ण सुरू केलं. जत्रेत एक वैद्य बसतात, त्यांच्याकडून. साखर २८० वरून १३० वर आली. चरक-सुश्रुतांनी प्रमेह सांगितला, लघवीला मुंग्या लागतात हे आपल्याकडे तेव्हापासून माहीत होतं. ते सगळं टाकाऊ कसं?

धन्वंतरीची_लेक:
भीमाकाठ, टाकाऊ मुळीच नाही. मेटफॉर्मिनचं मूळही एका झुडपातच आहे. युरोपात गोट्स रू नावाची वनस्पती होती, तिच्यातल्या द्रव्यांवरून पुढे हे औषध घडलं आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झां स्तेर्न यांनी ते मधुमेहासाठी वापरून दाखवलं. म्हणजे झाडपाल्याशी आमचं भांडण नाही. चूर्णाच्या पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं, ही माझी अडचण आहे. अशा काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी गोळी कुटून मिसळलेली सापडलेली आहे. म्हातारं माणूस एखाद दिवस जेवलं नाही तर त्याने साखर एकदम खाली जाते. आईंना पहाटे घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होतं का, एवढं बघा. किडनीचा आकडाही एकदा तपासून घ्या.

कुयरी:
मला नवव्या वर्षी प्रकार एकचा मधुमेह झाला, आज मी ३१ ची आहे. आतापर्यंत वीसेक हजार सुया तरी टोचून झाल्या असतील. इन्सुलिन "शेवटचं" असतं तर मी चौथीतच संपले असते!

माझ्या वाट्याला आलेले समज: "लहानपणी चॉकलेट फार खाल्लं असणार." "आईला डोहाळे गोडाचे लागले होते का?" "मोठी झालीस की जाईल." प्रकार एकमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिनच्या पेशी मारून टाकते, गोडाचा त्यात काही संबंध नाही. माझ्या आईने मात्र कित्येक वर्षं स्वतःला दोष दिला. ते आठवलं की आजही राग येतो.

सगळ्यात वाईट अनुभव लग्न ठरवतानाचा. एका मामांनी सुचवलं, "सांगू नका, लग्नानंतर कळेल हळूहळू." म्हणजे मी रोज चार वेळा न्हाणीघरात दार लावून टोचून घ्यायचं? मी पहिल्याच भेटीत इन्सुलिनचं पेन टेबलावर ठेवलं. तीन स्थळं परत गेली. चौथ्याने विचारलं, "हे दुखतं का?" आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली आणि मुलगी दोन वर्षांची आहे. तिला मधुमेह नाही.

जुना_खांब:
कुयरी, शाब्बास बाळा.

मी ७४ वर्षांचा. माझ्या वडिलांना मधुमेह होता, त्या काळी घरी ग्लुकोमीटर कुठला. परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर घरात आनंद. हिरवं, पिवळं, नारिंगी असा रंग चढत विटेसारखा लाल झाला की आई वडिलांकडे बघायची आणि वडील खिडकीबाहेर. काचेची सिरिंज, जाड सुई, रोज पातेल्यात उकळून घ्यायची. इन्सुलिन डुकराचं किंवा बैलाचं. वडील माळकरी होते, त्यांच्या मनाला किती यातना झाल्या असतील! तरी घेत राहिले आणि ८१ वर्षं जगले. आताची सुई मी स्वतः घेतो. मुंगी चावते तेवढंही कळत नाही.

ओंटारियोची_सई:
इन्सुलिनचा विषय निघालाय आणि मी टोरोंटोत राहते, म्हणून लिहिते. १९२१ च्या उन्हाळ्यात इथल्याच विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी हे काम केलं. प्रयोगशाळा मॅक्लाउड यांची होती आणि अर्क शुद्ध करणारे कॉलिप होते. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं. त्याआधी प्रकार एकच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, तेवढेच काही महिने जास्त मिळायचे. त्या मुलाला पहिल्या सुईचा फारसा गुण आला नाही, पण अर्क आणखी शुद्ध करून पुन्हा दिला आणि मुलगा उभा राहिला. पेटंट त्यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला दिलं.

इथून दोनेक तासांवर लंडन नावाचं गाव आहे. बँटिंग यांना ही कल्पना सुचली ते घर तिथे जपलेलं आहे. बाहेर एक ज्योत १९८९ पासून जळते आहे, मधुमेह कायमचा बरा करणारा उपाय सापडेपर्यंत ती विझवायची नाही असं ठरलंय. मी लेकाला घेऊन गेले होते, त्यालाही प्रकार एक आहे. तो बराच वेळ काही न बोलता त्या ज्योतीकडे बघत उभा होता. १४ नोव्हेंबर आपल्याकडे बालदिन, पण तो बँटिंग यांचा जन्मदिवसही आहे आणि म्हणून जागतिक मधुमेह दिनही.

तारकर्ली:
आता समज. आमच्या घाटावरच्या व्याह्यांचा: "भात सोडा, भाकरी खा, भाकरीने साखर होत नाही." ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला ७० च्या आसपास कर्बोदकं आणि तांदळात ७५ ते ८०. फरक आहे, भाकरीत चोथा जास्त, साखर जरा हळू चढते. पण व्याही तीन भाकऱ्या खातात आणि मी एक मूद भात, वर सोलकढी आणि बांगडा. आता सांगा!

सातारी_कंदी:
तारकर्ली, भाकरीवर बोलायचं काम नाही 😄 तीन खाऊ नयेत एवढं मान्य.

मेथीदाणा:
आणि "शुगर फ्री" बिस्किटं! साखर नाही पण मैदा आहेच की. आमच्या आजोबांनी एका बैठकीत अख्खा पुडा संपवला होता, "यात शुगरच नाही" म्हणत. गुळाचंही हिशेबात सांगते: १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, गुळात साधारण ३५० ते ३८०. लोह वगैरे थोडं असतं, पण चहाच्या खड्यात ते किती येणार?

हडकुळा:
माझा समज वेगळाच होता. "जाड्या लोकांना होतो." माझी उंची ५ फूट ८, वजन ६१, आणि ३८ व्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत जेवणानंतरची साखर २४६. लॅबची चूक म्हणून दोन महिने तिकडे बघितलंच नाही. शेवटी डॉक्टरांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम सांगितलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीदार. पोट जरा सुटलंय म्हणून घरी थट्टा व्हायची, तिकडे लक्ष द्यायला हवं होतं.

भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचे १० कोटींवर लोक निघाले आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींवर. त्यातले किती "मी तर सडपातळ" म्हणून निर्धास्त असतील?

पळसफूल:
मी सुईबद्दल एक अनुभव सांगते, कृपया सगळ्यांनी वाचा. सासूबाईंना कुपीतलं इन्सुलिन, सकाळी २० युनिट. एका महिन्यात साखर काही केल्या उतरेना. पथ्य मोडता म्हणून मी त्यांच्यावर चिडले, त्या रडल्या. मग नर्सताईंच्या लक्षात आलं की औषधाच्या दुकानातून सिरिंज बदलून आली होती. आपल्याकडे कुपी बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. आम्हाला नारिंगी टोपणाची मिळाली होती, ती १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. तिच्यावर २० च्या रेघेपर्यंत भरलं की जातात फक्त ८ युनिट. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० पर्यंत घेतलं, तर ५० युनिट जातील आणि माणूस बेशुद्ध पडेल. मी सासूबाईंचे पाय धरून माफी मागितली.

सह्यकडा:
पळसफूल, हे मला इतक्या वर्षांत कुणीही सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

उंबरठा:
"मधुमेह मुळापासून घालवा" वाल्यांबद्दल कुणी बोलणार का? माझ्या मेव्हण्याने दिवसात दोनदाच जेवून १६ किलो वजन कमी केलं, दीड वर्ष गोळी बंद आहे. आता तो इन्सुलिनवाल्या मावशीलाही सुई सोडायला सांगतोय.

धन्वंतरीची_लेक:
मेव्हण्यांचं मनापासून अभिनंदन. ब्रिटनच्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात वजन उतरवून एका वर्षाने ४६ टक्के लोकांची औषधं सुटून साखर काबूत होती, दोन वर्षांनी ३६ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात पहिल्या वर्षी हे प्रमाण ८६ टक्के होतं. पण तिथे घेतलेले सगळे सहा वर्षांच्या आतले आणि इन्सुलिनवर नसलेले रुग्ण होते. याला "मुक्ती" म्हणण्यापेक्षा आजार झोपलाय असं म्हणा, वजन वाढलं की तो उठतो. दर सहा महिन्यांनी एचबीएवनसी हवीच. आणि मावशींनी सुई परस्पर सोडू नये. त्यांना प्रकार एक असेल तर थोड्या दिवसांत जिवावर बेतेल. मेव्हण्यांना हे आजच सांगा.

जुना_खांब:
उपवासाचंही लिहा कुणीतरी. एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाणा, रताळं, वरी, सगळा पिष्टमय कारभार.

कुयरी:
काका, दुप्पट खाणाऱ्यांपेक्षा मला निर्जळी करणाऱ्यांची काळजी वाटते. पोटात काही नाही आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमाने घेतलेली. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. "मधुमेहवाल्याला साखर कशी द्यायची" म्हणून माझ्या मैत्रिणी एकदा नुसत्या पदराने वारा घालत बसल्या होत्या.

भीमाकाठ:
डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून आईला विचारलं. पहाटे घाम येतो म्हणाली, महिन्यातून दोन-तीनदा. वयामुळे असेल असं तिला वाटत होतं, म्हणून बोलली नाही. ग्लुकोमीटर आणला, काल पहाटे ५८. साखरपाणी दिलं. चूर्णाची पुडी घेऊन सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती बंद करायला सांगितली आणि रक्त तपासायला घेतलं. औषधांच्या खर्चाबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, पण हे इथे सांगणं मला गरजेचं वाटलं.

धन्वंतरीची_लेक:
बरं केलंत. पुढचे दोन-तीन दिवस रात्री आणि पहाटे तपासत राहा, अशा गोळीचा असर रेंगाळतो. खर्चाचं म्हणणं मलाही मान्य आहे. मेटफॉर्मिन आणि साधं इन्सुलिन सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधीत स्वस्तात मिळतं. महागडं पेनच हवं असं नाही.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी इस्लामपूरला जाऊन आले. अठरा पानं झाली होती. अप्पांनी चष्मा लावून सलग दोन तास वाचलं, मध्ये एकदा उठून पाणी प्यायले. काचेच्या सिरिंजचं दोनदा वाचलं. सह्यकडांच्या आईंच्या तीन वर्षांपाशी थांबले आणि म्हणाले, "आपलेही तीन होतायत." तेव्हा मला कळलं की इन्सुलिनचं त्यांना आधीही सांगितलं होतं आणि त्यांनी आमच्यापासून लपवलं होतं.

सोमवारी डोळे तपासले. पडद्यावर सुरुवातीचे बदल आहेत, नजर शाबूत आहे. तरी सुईला अजून हो म्हणालेले नाहीत. आता अडचण वेगळीच निघाली. ते दर वर्षी लोणंदपासून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालतात, तेही अनवाणी. "सुई लावली तर वारी सुटली" असं त्यांच्या मनात आहे. वाटेत फ्रिज नाही, वेळेवर जेवण नाही. हे जमतं का कुणाला?

जुना_खांब:
रानजाई, जमतं. मी इन्सुलिन लागल्यापासून सहा वाऱ्या केल्या आहेत. अप्पांना सांग, चांदोबाच्या लिंबापाशी रिंगणाला भेटू.

वापरातली कुपी ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. मी ती प्लॅस्टिकच्या डबीत घालतो, डबी ओल्या सुती फडक्यात गुंडाळतो आणि मडकं असेल तिथे मडक्याच्या गार अंगाला टेकवून ठेवतो. उन्हातल्या ट्रकमध्ये पिशवी ठेवायची नाही आणि बर्फात तर कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. चालण्याने साखर उतरते, म्हणून निघायच्या आधी डॉक्टरांकडून मात्रा कमी करून घेतो. सुई पोटावर घेतो, चालत्या पायात ती फार लवकर भिनते. खिशात खडीसाखर असते आणि दिंडीतल्या दोघांना माझं माहीत आहे.

अनवाणी मात्र नाही. त्याचं मलाही वाईट वाटलं होतं, पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी आलं. आता पांढरे मोजे घालतो, रक्त लागलं तर लगेच दिसतं, आणि मुक्कामाला पाय आरशात बघतो. कोमट पाण्यात पाय बुडवण्याआधी पाणी दुसऱ्याच्या हाताने बघून घेतो, कारण माझ्या पायांना चटका कळत नाही. वाखरीला पोचल्यावर मोजे काढून मातीला हात लावतो.

अप्पांचा नंबर इथे टाकू नकोस, मला निरोपात पाठव. मी आज संध्याकाळीच बोलतो त्यांच्याशी.